एका बैठकीतले नऊ रस

‘गजरा’, ‘चिमणराव’, ‘छायागीत’ ही दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांची नावं निघाली की साठीच्या आसपासची माणसं हळवी होतात. मालवण-वेंगुर्ल्याकडचीही होतात, आणि यात एक कोडं आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्याचं चित्र पाचशे किलोमीटरवरच्या मालवणपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. देशात छोट्या प्रक्षेपण केंद्रांचं जाळं पसरलं ते १९८४च्या सुमारास. म्हणजे ‘गजरा’ ऐन भरात होता तेव्हा किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांत टीव्ही नव्हता. तो पाहिला परळ-लालबागच्या चाळींतल्या चाकरमान्यांनी: मजल्यावर एखाद्याच खोलीत संच, दार सताड उघडं, पोरं जमिनीवर, म्हातारी माणसं खाटेवर आणि उरलेले गॅलरीत उभे. गणपतीला, शिमग्याला गावी आल्यावर त्यांनी तो सांगितला. मग ज्यांनी कार्यक्रम पाहिला नाही किंवा फार उशिरा पाहिला, त्यांनाही त्याची ओढ का वाटावी? माझ्या मते ही ओढ कार्यक्रमांपेक्षा त्या बैठकीची आहे. एका संध्याकाळी, एकाच ठिकाणी, सगळ्या वयाच्या माणसांपुढे नाना तऱ्हेचं काही सादर व्हावं आणि ते सगळ्यांनी मिळून पाहावं, ही ती बैठक. कोकणी माणसाला ती टीव्हीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

विनायक चासकरांच्या ‘गजरा’त छोटी छोटी प्रहसनं एका सूत्रात ओवलेली असत. त्याच आठवड्यात ‘आमची माती आमची माणसं’मधून शेतीची माहिती मिळे, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’त साहित्यिक भेटत, ‘किलबिल’ मुलांसाठी असे. आता याच्या शेजारी सिंधुदुर्गातल्या जत्रेतला दशावतार ठेवून पाहा. पालखीची प्रदक्षिणा झाली की मध्यरात्रीच्या सुमारास देवळापुढे खेळ उभा राहतो. सामान म्हणावं तर एक पडदा, पेटी, मृदंग, झांज आणि एक लाकडी बाकडं. तेच बाकडं सिंहासन होतं, तेच रथ होतं. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती. मग वेद पळवणारा संकासुर येतो आणि अस्सल मालवणीत गावातल्या बड्या असामींची फिरकी घेतो. त्यानंतर पुराणातलं आख्यान: लिहिलेली संहिता नाही, संवाद जागच्या जागी सुचलेले, स्त्रीभूमिकेत पुरुष. त्यातल्या एखाद्या सतीच्या विलापाला बायाबापड्या पदर डोळ्यांना लावतात आणि पुढच्याच घटकेला युद्धनृत्याच्या ठेक्यावर पेंगुळलेली पोरं टक्क जागी होतात. उजाडताना दहिकाला. भक्ती, टवाळी, करुण, वीर असं सगळं एका रात्रीत, आजी आणि नातू एकाच गोणपाटावर. दूरदर्शनने याची नक्कल केली असं मला म्हणायचं नाही. पण ज्यांच्या हाडीमासी ही रीत मुरलेली होती त्यांना चाळीतल्या त्या खोलीत परकं वाटलं नाही, एवढं खरं.

यावर पहिला आक्षेप असा की ती एकी लादलेली होती. वाहिनीच एक होती, बघणार काय दुसरं? हे मान्यच करायला हवं. कंटाळवाणे कार्यक्रमही लोक निमूट बघत. शिवाय टेप महाग असल्याने जुन्या मुद्रणावरच नवं मुद्रण होई आणि कितीतरी कार्यक्रम पुसले गेले. त्यामुळे जे आठवतं ते गाळून उरलेलं आहे, आणि गाळणीतून चांगलंच उरतं. पण एवढ्याने ओढ खोटी ठरत नाही. जत्रेला कोणी कोणाला बांधून नेत नाही. आज प्रत्येकाच्या खिशात फोन असतानाही लोक दशावताराला रात्रभर बसतात. पर्याय नव्हता म्हणूनच माणसं एकत्र बसली, हे म्हणणं तिथे लटकं पडतं.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. त्या सुवर्णकाळात मालवणीला जागा किती होती? पडद्यावरची मराठी बहुतांशी पुणे-मुंबईच्या सुशिक्षित घरांतली. मालवणी बोलीला शहरात प्रतिष्ठा मिळवून दिली ती १९८०मध्ये रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने आणि त्यातल्या मच्छिंद्र कांबळींनी, आणि त्या नाटकाचा विषयही गावातल्या हौशी मंडळींनी बसवलेला पौराणिक खेळच होता. त्यामुळे जुनं जसंच्या तसं परत आणा, असं म्हणण्यात मालवणी माणसाचाच तोटा आहे. आज कुडाळ-कणकवलीतला कोणीही मुलगा आपल्या बोलीत काही चित्रित करून घरबसल्या जगापुढे ठेवू शकतो. ही कमाई घालवायची नाही.

विनोदाचीही आज टंचाई नाही. ‘चला हवा येऊ द्या’ने २०१४पासून आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने २०१८पासून घराघरांत हशा पिकवला, त्यातले नट कसलेले आहेत. माझी तक्रार वेगळी आहे: हसण्याची वेळ वेगळी, गाण्याची स्पर्धा वेगळी, कीर्तन वेगळ्या वाहिनीवर आणि मुलांचं भलतीकडेच. रसांच्या वाटण्या झाल्या आणि त्यांच्यामागोमाग घराच्याही. आजोबांना न कळणाऱ्या विनोदावर नातू हसतो, नातवाला न रुचणारं भजन आजोबा ऐकतात, तेही कानात यंत्र घालून. संकासुराच्या टवाळीनंतर लगेच येणारा विलाप जो खोल लागतो, तो या वाटणीत हरवतो, कारण हसून मोकळं झालेलं मनच दुःखाला पटकन दार उघडतं.

२०२५च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘दशावतार’ चित्रपटात वृद्ध दशावतारी नटाची भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली, वयाच्या ऐंशीनंतर. तेच प्रभावळकर १९७०च्या दशकात दूरदर्शनवर चिमणराव होते, शेजारी बाळ कर्वे गुंड्याभाऊ. कोकणाबाहेरच्या प्रेक्षकांनीही तो चित्रपट उचलून धरला. मग एखाद्या वाहिनीने, दूरदर्शनच्या सह्याद्रीने म्हणा, आठवड्यातली एक संध्याकाळ अशी का राखू नये, जिच्यात आख्यानाचा तुकडा, मालवणी गजाली, भजनाची बारी आणि पोरांचा एखादा खेळ एकापाठोपाठ येतील? त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास जत्रांचा हंगाम सुरू होतो. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर यांसारखी दशावतारी मंडळं तेव्हा गावोगाव फिरत असतात. नट तयार आहेत, प्रेक्षक तयार आहे. कॅमेरा मात्र देवळापुढे, गोणपाटावर बसलेल्या माणसांमध्ये लावायला हवा, म्हणजे खेळाबरोबर त्यांचं हसणं-रडणंही टिपलं जाईल.