‘कजा’ नमाज : संकल्पना, नियम आणि बारामती-इंदापूर परिसरातील दैनंदिन व्यवहार

प्रस्तावना

इस्लामच्या पाच मूलाधारांत श्रद्धेच्या उच्चारानंतर लगेच नमाजेचे स्थान येते. फजर, जोहर, असर, मगरीब आणि इशा या पाच नमाजा प्रत्येक सज्ञान व प्रौढ मुस्लिमावर फर्ज, म्हणजे अनिवार्य आहेत. ठरलेल्या वेळेत न घडलेली नमाज नंतर पूर्ण करणे यास ‘कजा’ म्हणतात. मुस्लिमेतर वाचकास या विषयाची माहिती असते ती बहुधा एवढीच, आणि तिच्यातून एक समजूत सार्वत्रिक झालेली दिसते. ‘नमाज चुकली तर नंतर पढता येते, मग आत्ताच अडून बसण्याचे कारण काय?’ असा प्रश्न महाविद्यालयाच्या परीक्षा-विभागात, औद्योगिक वसाहतीतील पाळीवर आणि साखर कारखान्याच्या गळीत हंगामात सहज विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा आकस नसतो. उलट आपण धर्माने दिलेली सवलतच दाखवून देत आहोत, असे त्यास वाटते. ही समजूत कजेच्या मूळ कल्पनेशी विसंगत आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. दख्खनच्या पठारावरील मुस्लिम समाज प्रामुख्याने हनफी विधिपरंपरेचा असल्याने अन्यथा उल्लेख नसेल तेथे नियम हनफी आहेत असे समजावे. कोकणातील मुस्लिम बहुतांशी शाफई आहेत व काही बाबतींत त्यांचे नियम भिन्न आहेत.

शब्दाचा अर्थ

‘कजा’ या अरबी शब्दाच्या धातूत निवाडा करणे, पुरे करणे आणि देणे चुकते करणे असे अर्थ एकत्र नांदतात. ‘काझी’ हा त्याच धातूचा. मराठीतील ‘कज्जा’ आणि फारसी ‘तकाजा’वरून आलेला ‘तगादा’ हेही त्याच कुळातील. सावकाराचा तगादा आणि चुकलेल्या नमाजेची कजा यांचे नाते असे आपल्याच भाषेत दडलेले आहे. वेळेत केलेल्या नमाजेस ‘अदा’ म्हणतात, आणि ‘रक्कम अदा केली’ हा प्रयोग आपण आजही करतो. थोडक्यात, दोन्ही संज्ञा देण्याघेण्याच्या आहेत. मुदतीत फेडले ते अदा, मुदत टळल्यावर फेडले ती कजा. मुदत टळल्यावरही कर्ज फेडावेच लागते, यावरून मुदत पाळण्याची गरज नव्हती असे कोणताही सहकारी पतसंस्थेचा व्यवस्थापक म्हणणार नाही.

आधार

कुराणाच्या चौथ्या सूरेतील १०३ व्या आयतीत नमाज ही वेळेशी बांधलेली अनिवार्यता म्हणून सांगितली आहे. ज्यास झोप लागली अथवा विसर पडला त्याने आठवताच नमाज पढावी, असा आशय हदीसमध्ये येतो. इ. स. ६२७ मधील खंदकाच्या लढाईत शत्रूच्या दडपणामुळे पैगंबरांची असरची नमाज राहून गेली व ती सूर्यास्तानंतर पढली गेली. अन्य एका निवेदनानुसार राहिलेल्या नमाजा चार होत्या व त्या क्रमाने पढल्या गेल्या. एका परतीच्या प्रवासात पहारा ठेवणाऱ्या बिलाल यांनाच झोप लागली आणि सर्व तळ सूर्योदयानंतर जागा झाला. तेव्हाही फजरची कजा जमातीने झाली. ही उदाहरणे झोप, विस्मरण आणि युद्ध यांची आहेत. सोय पाहून पुढे ढकलल्याचे उदाहरण त्यांत एकही नाही.

मग जाणूनबुजून सोडलेल्या नमाजेचे काय? चारही सुन्नी विधिपरंपरांच्या बहुमताने तिचीही कजा बंधनकारक आहे, शिवाय विलंबाच्या पापाबद्दल तौबा वेगळी करावी लागते. कजेने देणे फिटते, पण उशिराचा दोष तेवढ्याने जात नाही. कर्डोव्हाचे इब्न हज्म (९९४-१०६४) आणि दमास्कसचे इब्न तैमिया (१२६३-१३२८) यांनी मात्र वेगळे मत मांडले. हेतुपुरस्सर सोडलेली नमाज नंतर भरूनच निघत नाही, माणसाने तौबा करावी व ऐच्छिक नमाजा वाढवाव्यात, असे ते म्हणतात. प्रथमदर्शनी हे मत सौम्य वाटते. वस्तुतः ते अधिक कठोर आहे, कारण त्यात परतफेडीचा दरवाजाच बंद होतो.

वैदिक नित्यकर्माशी परिचित वाचकास येथे एक साम्य जाणवेल. संध्येची वेळ टळली असता कालातिक्रमणाबद्दल प्रायश्चित्तार्थ एक अर्घ्य अधिक देण्याचा विधी आहे. तेथेही कर्म घडते, पण विलंबाची नोंद स्वतंत्र होते.

वेळेचे गणित

नमाजेच्या वेळा घड्याळाच्या नसून सूर्याच्या आहेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारित आहे. बारामती सुमारे ७४.६ व इंदापूर ७५ अंशांवर असल्याने तेथील मध्यान्ह सरासरीने साडेबाराच्या आसपास येतो. दोन्ही गावांत अंतर पडते ते सुमारे दोन मिनिटांचे. वर्षभरात हा मध्यान्ह नोव्हेंबरच्या प्रारंभी सव्वाबारापर्यंत अलीकडे येतो, तर फेब्रुवारीच्या मध्यास पावणेएकपर्यंत पुढे सरकतो. जोहर त्यानंतर सुरू होते. वस्तूची सावली मध्यान्हीची सावली वगळून तिच्या दुप्पट झाली की हनफी मतानुसार असर लागते. शाफई मतानुसार ती एकपट झाली की लागते. डिसेंबरअखेर आपल्याकडे हनफी असर सुमारे चार वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी सुरू होते, आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो.

हे गणित शिक्षकांनी जाणून घेण्यासारखे आहे. डिसेंबरात दुपारी दोन ते पाच अशी प्रश्नपत्रिका असेल, तर विद्यार्थी जोहर आधी व असर नंतर, दोन्ही वेळेत पढू शकतो. कजेचा प्रश्नच उद्भवत नाही. दुपारी तीन ते रात्री अकरा अशा पाळीचे मात्र तसे नाही. इशाची वेळ पहाटेपर्यंत असल्याने तिचा निभाव लागतो, पण असर आणि मगरीब पूर्णपणे पाळीच्या आत येतात. मगरीबची वेळ तर सुमारे सव्वा तासाचीच असते. शिवाय हनफी परंपरेत दोन नमाजा एकत्र करण्याची मुभा हजमधील अरफात व मुजदलिफा सोडता नाही. त्यामुळे ‘दोन्ही घरी जाऊन एकदम पढ’ ही सूचना कामगाराच्या दृष्टीने दोन नमाजा चुकविण्याची सूचना ठरते.

कजा केव्हाही पढता येते, अपवाद तीन समयांचा : सूर्य उगवत असताना, माथ्यावर असताना आणि मावळत असताना. त्याच दिवसाची असर तेवढी मावळतीसही पढता येते. फजर पढत असतानाच सूर्य उगवला तर हनफी मते ती नमाज मोडते व कजा करावी लागते.

हिशेब

कजा फर्ज नमाजांची आणि वित्रची करावयाची असते. वित्र ही इशानंतरची तीन रकातींची नमाज हनफी परंपरेत वाजिब आहे. सुन्नत नमाजांची कजा नाही. फक्त फजरच्या दोन सुन्नत त्याच दिवशी मध्यान्हापूर्वी फर्जसोबत पढाव्यात. याप्रमाणे एका दिवसाचे देणे फजर २, जोहर ४, असर ४, मगरीब ३, इशा ४ व वित्र ३ मिळून २० रकातींचे होते.

ज्याच्या नावावर पाचपेक्षा अधिक फर्ज नमाजा थकलेल्या नाहीत तो ‘साहिबे-तरतीब’, म्हणजे क्रम पाळणारा. आधी थकलेली नमाज, मग चालू वेळेची, हा क्रम त्यास बंधनकारक असतो. चालू नमाजेची वेळच निघून जात असेल किंवा विसर पडला असेल तर सूट मिळते. थकबाकी सहावर गेली की हे बंधन सुटते. नियम मोठा मार्मिक आहे. ज्याचा हिशेब जवळजवळ स्वच्छ आहे त्याच्याकडून काटेकोरपणा अपेक्षिला आहे, आणि ज्याची बाकी फार वाढली त्यास फेडीचा मार्ग सुकर केला आहे.

वर्षानुवर्षांच्या थकबाकीस ‘उमरी कजा’ म्हणतात. चाळिशीनंतर नमाजेकडे वळलेल्या अनेकांपुढे हा प्रश्न उभा राहतो. प्रौढत्वापासून हिशेब धरायचा, आणि नेमकी संख्या आठवत नसेल तर मनास खात्री वाटेल असा अंदाज बांधायचा. चांद्रवर्षाचे ३५४ दिवस व रोजच्या सहा नमाजा धरल्यास वर्षाचे देणे २,१२४ नमाजांचे, आणि दहा वर्षांचे २१,२४० चे होते. आकडा भीतीदायक आहे. पण रोजच्या प्रत्येक नमाजेबरोबर त्याच प्रकारची एक कजा पढत गेल्यास जितकी वर्षे चुकली तितक्याच वर्षांत ती फिटते. तारीख आठवत नसल्याने संकल्प असा करतात : ‘माझ्यावर बाकी असलेल्या फजरांपैकी सर्वांत पहिली.’ ती पढून झाली की दुसरी आपोआप पहिली होते. रमजानच्या अखेरच्या शुक्रवारी चार रकाती पढल्या की आयुष्यभराची कजा फिटते, अशी एक लोकसमजूत आहे. मुल्ला अली कारी (मृत्यू १६०६) यांनी तिचा आधार म्हणून सांगितली जाणारी हदीस खोटी ठरविली आहे, आणि देवबंदी व बरेलवी हे एरवी न जुळणारे दोन्ही पंथ तिच्या निषेधात एकत्र आहेत.

पैशाने हे कर्ज जिवंतपणी फिटत नाही. मृत्युपत्रात सूचना केली असेल तर मालमत्तेच्या एक-तृतीयांश भागातून प्रत्येक नमाजेमागे अर्धा साअ गहू, म्हणजे सुमारे पावणेदोन ते दोन किलो, किंवा त्याची किंमत गरिबांस ‘फिदया’ म्हणून देतात. स्त्रियांच्या मासिक पाळीतील नमाजांची कजा मुळीच नाही. त्या काळातील रोजे मात्र नंतर ठेवावे लागतात. पाचपेक्षा अधिक नमाजांचा काळ सलग बेशुद्धीत गेलेल्या रुग्णावरही त्या नमाजांची कजा नाही.

प्रवास

सुमारे ४८ मैल (७७ किलोमीटर) वा अधिक अंतराच्या प्रवासात चार रकातींची फर्ज नमाज दोन रकातींची होते. बारामती ते इंदापूर हे पन्नासेक किलोमीटरचे अंतर या अर्थाने प्रवास नव्हे. इंदापूरहून किंवा बारामतीहून पुण्यास जाणे हा मात्र प्रवास आहे. पुण्याच्या एका दिवसाच्या फेरीत जोहर चुकली, तर इंदापुरात परतल्यावरही तिची कजा दोन रकातींचीच होते. देणे जेवढे निर्माण झाले तेवढेच फेडायचे असते. उलट घरी चुकलेली जोहर प्रवासात पढली तरी चार रकातींचीच पढावी लागते. पुण्यात वसतिगृहात पंधरा दिवस वा अधिक राहण्याचा निश्चय केलेला विद्यार्थी तेथे प्रवासी राहत नाही. गळीत हंगामासाठी कारखान्याच्या तळावर येऊन राहणाऱ्या ऊसतोड मजुरासही हाच नियम लागू होतो.

पहाटेच्या एस. टी. चा प्रश्न अधिक नाजूक आहे. जानेवारीत साडेपाचला इंदापूर सोडले तर फजरची वेळ लागलेली नसते, आणि पुणे येण्यापूर्वी, सातनंतर पाचएक मिनिटांत, सूर्योदय होतो. भिगवणला गाडी थांबली तर नमाज वेळेत होते. न थांबल्यास बसल्या जागी जमेल तशी पढावी व उतरल्यावर पुन्हा पढावी, असे विद्वान सांगतात.

शुक्रवार आणि पाळी

कजेचा सारा विचार जुम्याच्या नमाजेपाशी थांबतो. शुक्रवारी जोहरच्या जागी जमातीने, खुतब्यासह होणाऱ्या या नमाजेस कजा नाही. ती हुकली तर त्या दिवशी जोहर पढायची असते, जुमा परत मिळत नाही. म्हणून शुक्रवारी दीडच्या सुमारास ठेवलेली तोंडी परीक्षा वा प्रात्यक्षिक हे विद्यार्थ्यासाठी अन्य दिवशीच्या तासाहून वेगळे असते. क्रमांकांची अदलाबदल करून त्यास सकाळच्या गटात घेणे कोणत्याही विभागास अवघड नाही, आणि अशी विनंती करणारा विद्यार्थी सवलत मागत आहे असे मानणे मला सयुक्तिक वाटत नाही.

रात्री अकरा ते सकाळी सात या पाळीतील कामगाराची स्थिती याहून बिकट असते. मे महिन्याच्या अखेरीस सूर्योदय सहापूर्वी होतो, म्हणजे फजर पाळीतच पढावी लागते. जानेवारीत पाळी सातला सुटते तेव्हा सूर्योदयास जेमतेम पाच मिनिटे उरलेली असतात. वजू, दोन सुन्नत व दोन फर्ज यांस दहा मिनिटे पुरतात. प्रवेशद्वारावर हजेरीच्या रांगेत तेवढी जातात.