फुलाचा रंग पुडीत बांधायचा कसा?



गाळप हंगाम उतरणीला लागतो, तोडणी मंडळींच्या कोप्या हळूहळू विरळ होतात, त्याच सुमारास आपल्या भागात पळस पेटतो. झाडावर पान एक नाही, पण फांदी न् फांदी केशरी. बांधाखाली फुलांचा सडा पडतो आणि दोन दिवसांत ढोरांच्या पायी तुडवून जातो.

मागच्या शिमग्याच्या आधी एक सभासद मावशी कारखान्याच्या प्रयोगशाळेत आल्या. हातात बाटली, बाटलीत पळसाचे पाणी. आदल्या वर्षी त्यांच्या नातीने बाजारातली रंगाची पुडी तोंडाला लावली आणि लेकराचे गाल आठ दिवस सुजून होते. म्हणून यंदा मावशींनी जुन्या रिवाजाप्रमाणे फुले उकळली होती. म्हणाल्या, "भाऊ, रंग तर झकास निघालाय. पण चार दिसांत पाणी नासायलंय. ह्याची कोरडी पूड करता यील का?"

प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरात पुष्कळ रसायनशास्त्र आहे, आणि गंमत अशी की त्यातले निम्मे काम आपल्या कारखान्यात हंगामभर रोज चालते. म्हणून हा लेख.

विरघळणारा रंग आणि न विरघळणारा रंग

रंग दोन जातीचे. एक पाण्यात विरघळतो. कापडात मुरतो, हातावर चढतो, पण पाणी आटवले तर तळाला चिकट राब उरते. फुलापानांचे बहुतेक रंग या जातीचे. दुसरा पाण्यात विरघळत नाही. तो मातीसारखा, पुडीसारखा असतो. गेरू घ्या, काजळी घ्या. भिंतीला, मूर्तीला, रांगोळीला लागतो तो हा दुसरा.

अजिंठ्याचे रंग झाडपाल्याचे आहेत असे पुष्कळ लोक सांगतात. तसे नाही. ते बहुतेक दगडमातीचे आहेत: लाल-पिवळा गेरू, हिरवी माती, चुना, काजळी. निळा तेवढा दूर बदकशानातल्या लाजवर्द दगडाचा. म्हणून तर ते शेकडो वर्षे टिकले. पळसाच्या पाण्याने ती चित्रे काढली असती तर आज भिंती कोऱ्या दिसल्या असत्या.

तेव्हा मावशींच्या प्रश्नाचा अर्थ असा की पाण्यात विरघळलेला रंग न विरघळणाऱ्या जातीत आणायचा कसा? उत्तर आहे तुरटी आणि सोडा.

कारखान्यात रोज होते तेच

उसाचा रस गिरणीतून निघतो तेव्हा गढूळ, हिरवट-काळसर असतो आणि त्याचा सामू सव्वापाचच्या आसपास असतो. आपण त्यात चुन्याचे दूध सोडतो, गंधकाचा धूर देतो आणि सामू सातवर आणतो. मग रसात बारीक साका धरतो. हा साका तळाला बसताना माती, मेण आणि बराचसा रंगही आपल्याबरोबर ओढून नेतो. वर राहतो निवळ रस. खाली बसलेला गाळ गाळणीवरून प्रेसमड होऊन शेतात जातो. गुऱ्हाळावरचा गुळव्या भेंडीचा चीक घालून मळी वर आणतो, तिथेही घाण धरून बाजूला काढण्याचाच हिशेब.

रंगाच्या पुडीत हेच काम उलट्या हेतूने करायचे. आपल्याला साखर हवी म्हणून आपण रंग साक्यात घालवून टाकतो. इथे रंग हवा, म्हणून साका ठेवायचा आणि पाणी ओतून द्यायचे.

तुरटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम आणि पोटॅशियम यांचा क्षार. तुरटीच्या पाण्यात सोडा पडला की अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा, दह्यासारखा साका धरतो. पळस, झेंडू अशा फुलांच्या रंगाच्या कणावर शेजारी शेजारी ऑक्सिजनच्या जागा असतात. अ‍ॅल्युमिनियम त्या दोन जागा एकदम पकडतो, खेकडा नांगीत काडी पकडतो तसा. एकदा पकड बसली की रंग पाण्यात सुटत नाही; साक्याबरोबर खाली बसतो. अशा रंगाला इंग्रजीत 'लेक' म्हणतात. त्याचा तळ्याशी काही संबंध नाही. तो शब्द आपल्या लाखेवरून तिकडे गेला. आणि लाखेचा किडा पोसतो कशावर? पळसावरही. म्हणजे फिरून आपल्याच बांधावर आलो.

प्रत्यक्ष कृती

पळसाची किंवा झेंडूची सावलीत वाळवलेली फुले १०० ग्रॅम घ्यावीत. झेंडूचे तर आपल्याला माहीतच आहे. दसरा-दिवाळीला भाव पडला की मोंढ्याबाहेर ढिगाने फेकून शेतकरी रिकाम्या हाताने घरी येतो. तीही फुले या कामी चालतात.

फुले २ लिटर पाण्यात तासभर मंद आचेवर ठेवावीत. खळखळा उकळू नये. फडक्यातून गाळावे. अर्धा लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम तुरटी विरघळवून या रंगात मिसळावी. वेगळ्या भांड्यात पाव लिटर पाण्यात १२ ग्रॅमच्या आसपास धुण्याचा सोडा विरघळवावा आणि तो थोडा थोडा, ढवळत, रंगात सोडावा. फेस भराभर वर येतो, तो कर्बवायूचा. म्हणून भांडे निम्मेच भरलेले असावे, नाहीतर सगळा रंग चुलीत.

सोडा किती कोरडा आहे त्यावर प्रमाण बदलते. म्हणून मापापेक्षा सामूच्या कागदावर भरवसा ठेवावा. साडेसहा ते सात आला की थांबावे. जास्त सोडा पडला तर पळसाचा पिवळा नारिंगी होतो. त्याहून जास्त झाला तर साक्याने धरलेला रंग पुन्हा पाण्यात सुटतो.

रात्रभर ठेवावे. सकाळी वरचे पाणी हलक्या हाताने ओतून द्यावे. मग साक्यावर स्वच्छ पाणी घालून, ढवळून, बसू देऊन पुन्हा ओतावे. असे तीन-चार वेळा करावे. हे धुणे चुकवू नये. साक्यात राहिलेले क्षार वाळल्यावर पांढरे फुलून येतात, आणि तुरटीचा अंश राहिला तर डोळ्याला व कातडीला झोंबतो. शेवटी जुन्या धोतराच्या फडक्यात साका बांधून टांगावा, सावलीत वाळवावा आणि खलात बारीक करावा.

आमची पहिली खेप बिघडली

मावशींच्या समोर आम्ही पहिल्यांदा हे केले तेव्हा फजिती झाली. बोअरचे पाणी घेतले, लोखंडी कढई घेतली. पिवळ्याच्या जागी शेवाळी, मळकट पूड हाती आली. मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. कारण साधे होते. लोखंडाचा अंश फुलातल्या तुरट द्रव्यांशी मिळाला की काळपट रंग धरतो. हिरडा आणि लोखंड यांची जुनी काळी शाई याच न्यायाने होते.

दुसऱ्या खेपेला साठवलेले पावसाचे पाणी आणि स्टीलचे पातेले घेतले. पूड हळदीसारखी स्वच्छ पिवळी उतरली. तेव्हा लोखंड नको. अ‍ॅल्युमिनियमचे भांडेही नको, कारण सोडा ते खातो. आणि रंग खुलवायला मोरचूद किंवा क्रोमचे क्षार कोणी सुचवले तर ऐकू नका. मोरचूद फवारणीच्या कामाचा, लेकराच्या गालाच्या कामाचा नव्हे.

करडईच्या फुलात दोन रंग

पिवळ्या-नारिंगीचे झाले. लालाचे काय? लाल रंग आपल्या रब्बीच्या रानातच उभा आहे. ज्वारीच्या भोवती ढोरे आत शिरू नयेत म्हणून आपले वाडवडील करडईचे काटेरी तास घालत, ते आठवा. करडईलाच संस्कृतात कुसुंभ म्हणतात, आणि कुसुंबी रंग तो याच फुलाचा. १९७२ साली परभणीत स्थापन झालेल्या आपल्या कृषी विद्यापीठाने करडईवर पुष्कळ काम केले आहे. त्यांच्या एका वाणाचे नावच 'परभणी कुसुम' आहे. बिनकाट्याचे वाणही निघाले आहेत.

करडईचे फूल उमलते तेव्हा पिवळे असते, सुकता सुकता लाल होते. त्यात दोन रंग आहेत. पिवळा भरपूर, तो साध्या पाण्यात सुटतो. लाल अगदी थोडा, वाळल्या पाकळीत शेकडा अर्धा भाग किंवा त्याहूनही कमी. तो साध्या पाण्यात सुटत नाही, खाराच्या पाण्यात सुटतो. या एका फरकावर सगळी जुनी रीत उभी आहे.

वाळल्या पाकळ्या फडक्यात बांधून गार पाण्यात मळत राहायच्या, पिवळे पाणी येणे थांबेपर्यंत. मग त्याच पाकळ्या सोड्याच्या गार पाण्यात तासभर ठेवून पिळायच्या. पूर्वी झाडांची राख वापरत. निघालेल्या पाण्यात लिंबू पिळले की लाली उघडते. त्यात सुती कापड बुडवले की कापड लाल तेवढा ओढून घेते आणि उरलासुरला पिवळा पाण्यात राहतो. ते कापड पुन्हा थोड्या सोड्याच्या पाण्यात पिळायचे आणि त्यात परत लिंबू. आता तळाला बसतो तो निखळ लाल साका. इथे तुरटीची गरज नाही. आंबटपणानेच रंग खाली बसतो. एक पथ्य मात्र पाळायचे. आच लावायची नाही, ऊन लागले की हा लाल मरतो. जपानात याच रंगाला 'बेनी' म्हणतात आणि बायका तो ओठाला लावत आल्या आहेत. जाड थर वाळला की त्यावर मोरपिशी हिरवी झाक मारते.

आणि एक गोष्ट ऊसवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी. करडईच्या लाल रंगाच्या प्रत्येक कणाला ग्लुकोज साखरेचे दोन तुकडे जोडलेले असतात. पळसाच्या रंगालाही साखर जोडलेली असते. साखर काही फक्त उसातच नाही!

हे सगळे मागे का पडले?

१८५६ साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा इंग्रज पोरगा कोयनेल करायला गेला आणि डांबरापासून जांभळा रंग करून बसला. १८६८ मध्ये मंजिष्ठाच्या जातीचा लाल जर्मनीत तयार झाला. १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली. स्वस्त, भडक आणि दर वेळी एकसारखा रंग मिळू लागल्यावर फुले कोण वेचणार? इंग्रजी अमदानीत सरकारी कागद बांधायची लाल फीत करडईने रंगवत. ती फीत राहिली, म्हणजे कामकाजात राहिली. पण तिच्यातली करडई गेली. रंगाऱ्यांची घरे दुसऱ्या धंद्याला लागली आणि कृती त्यांच्याबरोबर गेली.

आता हिशेब

आपल्या पानावर खोटी आशा छापायची नाही. ३० ग्रॅम तुरटीतून अ‍ॅल्युमिनियमचा साका निव्वळ पाच ग्रॅमच्या आसपास निघतो, रंग धरून थोडा अधिक. करडईचा एक किलो शुद्ध लाल काढायचा तर वाळल्या पाकळ्या दोनशे किलोंच्या वर लागतील. काट्यांतून पाकळी वेचणे हे बायकांच्या बोटांचे काम आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हवेने ओढून पाकळ्या गोळा करणारे यंत्र करून पाहिले, ते याच अडचणीपायी. जमेची बाजू एवढी की फळधारणा झाल्यावर, सुकलेल्या पाकळ्या काढल्या तर दाण्याला धक्का लागत नाही. तेलाचे उत्पन्न जागेवर राहते आणि पाकळी वरकड.

शिवाय हे रंग उन्हात विटतात. घराच्या भिंतीला किंवा पाटीला ते चालायचे नाहीत. चालतील ते धुळवडीला, रांगोळीला, शाळेतल्या चित्रांना आणि गोदावरीत विसर्जन होणाऱ्या शाडूच्या मूर्तीला. धुळवडीसाठी साका ओला असतानाच मक्याच्या स्टार्चमध्ये मळून वाळवावा, म्हणजे पुरवठ्याला येतो. रंग फिका दिसेल. फिका दिसला म्हणून त्यात बाजारचा भडक रंग मिसळू नये. तसे केले तर मावशींची नात पुन्हा तिथेच. काही स्वस्त रंगांच्या तपासण्यांत शिसे, पारा, क्रोमियम सापडलेले आहे. आणि आपला घरचा रंग असला तरी आधी कोपराच्या आत थोडा लावून पाहावा, डोळ्यांत जाऊ देऊ नये. करडईची पाकळी केशर म्हणून विकण्याचा मोह तर मुळीच नको. आपला माल आपल्या नावाने विकावा.

म्हणजे यात एकरी धन नाही. पण बचत गटाच्या चार बायकांना शिमग्याच्या तोंडावर चार पैसे आहेत, फेकल्या जाणाऱ्या झेंडूला काही मोल आहे आणि लेकरांच्या गालाची हमी आहे. शिवाय एक विद्या हातात राहते. ती एकदा तुटली की पुस्तकातून परत येत नाही, बिघडलेल्या खेपांमधूनच शिकावी लागते.

तेव्हा एवढेच करा. येत्या रब्बीत ज्वारीच्या कडेने करडईची चार तासे घाला. पळसाखालची फुले ढोरांच्या पायी जाण्याआधी पोत्यात भरून सावलीत वाळवा. आणि बांध पेटवताना पळसाचे झाड तेवढे राखा.

त्या मावशींनी दुसऱ्या खेपेची पुडी पदराच्या गाठीला बांधून नेली. धुळवडीनंतर ऊसबिलाच्या कामाला आल्या तेव्हा मुद्दाम प्रयोगशाळेत डोकावल्या. "रंग धुतल्यावर निघाला, भाऊ," म्हणाल्या, "अन् लेकरू जसंच्या तसं हाय."

जय सहकार!