टेबलावरील रणांगण

बुद्धिबळाच्या डावात मेलेला घोडा पुढच्या डावात पुन्हा आपल्या घरात टवटवीत उभा असतो. म्हणूनच बुद्धिबळपटू वजीर बळी देताना फारसा हळहळत नाही. डाव जिंकला की झाले. पण समजा, असा नियम केला की आजच्या डावात मेलेली प्यादी उद्याच्या डावात मिळणार नाहीत, आणि असे वीस डाव ओळीने खेळायचे आहेत, तर? मला वाटते, खेळणाऱ्याचा हात पहिल्याच खेळीला थबकेल. ज्या खेळाविषयी मी लिहीत आहे त्याचे सारे मर्म या थबकण्यात आहे.

हा खेळ म्हणजे टेबलावर लहान बाहुल्यांची सैन्ये मांडून, फूटपट्टी आणि फासे घेऊन, लेखी नियमांनी लढाई खेळणे. महाविद्यालयात शिकणारी माणसे बाहुल्या घेऊन बसतात हे ऐकून काही वाचकांना हसू येईल. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडण्याची हौस आपल्याकडे घरोघर असते. पण ते मावळे चार दिवस जागच्या जागी उभे राहतात. इथे त्यांना चालावे लागते, आणि चालण्याचा हिशेब द्यावा लागतो.

खेळाचे मूळ गंभीर आहे. प्रशियातील फॉन राइसविट्झ नावाच्या एका अधिकाऱ्याने १८१२ साली आपल्या राजाला एक टेबल सादर केले. त्याच्या खणांत डोंगर, नदी, रस्ते असलेले चौकोनी तुकडे होते; ते जुळवून हवा तसा प्रदेश मांडता येई. त्याच्या तोफखान्यातील मुलाने १८२४ साली हा खेळ नकाशावर आणला, नियम छापले आणि दोन खेळाडूंच्या मध्ये एक पंच बसवला. सैन्याच्या वरिष्ठांना तो इतका पटला की पलटणींना त्याचे संच देण्यात आले. घरगुती हौसेसाठी नियम लिहिले ते इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी. त्यांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ सालचे, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आदल्या वर्षीचे. त्यांच्या नियमांत पायदळ एका चालीत एक फूट जाते, घोडदळ दोन फूट; तोफ एक तर हलते नाही तर डागते, दोन्ही नाही. चालीला वेळ बांधलेला असतो. एकशेदहा सैनिक आणि तीन तोफा असल्या तर सात मिनिटे पुरेत, असे ते म्हणतात. त्यांची तोफ स्प्रिंगची होती. ती लाकडी गोळी खरोखरच उडवी आणि बाहुले खरोखरच पडे.

वेल्स यांचा प्रत्येक डाव बहुधा सुटा असे. काल्पनिक देश उभे करून त्यांच्यात महिनोन् महिने मोहीम चालवायची, ही कल्पना मला अधिक मोलाची वाटते, आणि तिच्यामागे साहित्यिकांचाच हात आहे. १८२६ साली ब्राँटे भावंडांच्या वडिलांनी मुलाला बारा लाकडी शिपाई आणून दिले. त्या बारा शिपायांतून मुलांनी राज्ये, सेनापती आणि वर्तमानपत्रे उभी केली. ‘जेन एअर’ लिहिणारी शार्लट त्यांतलीच. स्टीव्हन्सन दावोसला हवापालटासाठी राहिले असताना आपल्या सावत्र मुलाबरोबर माळ्याच्या जमिनीवर रंगीत खडूंनी नकाशा काढून आठवडेच्या आठवडे युद्ध खेळत. त्या नकाशात चांगले रस्ते आणि वाईट रस्ते वेगळे दाखवलेले असत. अलीकडच्या काळात टोनी बाथ या इंग्रज गृहस्थाने रॉबर्ट हॉवर्डच्या कथांमधील जग घेऊन कित्येक वर्षे मोहीम चालवली आणि १९७३ साली त्यावर पुस्तक लिहिले. आपल्या पात्रांचे स्वभाव त्याने पत्त्यांची पाने ओढून ठरवले होते. ही युक्ती आम्ही उचलली.

आमचे देश दोन: निळगड आणि तांबगड. बाजारात मिळालेले प्लास्टिकचे शिपाई या दोनच रंगांचे होते, एवढेच या नावांमागचे रहस्य. नकाशा आलेखाच्या कागदावर काढला; एक चौकोन म्हणजे पायदळाची एका दिवसाची मजल. दोन्ही सेनापतींकडे आपापला नकाशा असतो, आणि खरी परिस्थिती फक्त पंचाच्या वहीत. पंच मी. निळगडचा सेनापती मराठीत हुकूम लिहितो, तांबगडचा कन्नडमध्ये. आमच्या महाविद्यालयात पंचाला दोन्ही लिप्या आल्याशिवाय गत्यंतर नाही. स्प्रिंगची तोफ आमच्याकडे नसल्यामुळे मारगिरी फाशांवर चालते: चार सैनिकांमागे एक फासा, पाच किंवा सहा पडले तर समोरचा एक जण पडला.

आता पुलवाडीची लढाई. निळगडकडे छत्तीस पायदळ, बारा घोडेस्वार, दोन तोफा. तांबगडकडे तीस पायदळ, चार स्वार, एक तोफ. एक बाहुला म्हणजे वीस माणसे धरायची. चादरीखाली पुस्तके घालून टेकडी केली होती, निळ्या फितीची नदी, आणि नदीवर एकच पूल. पुलाच्या अलीकडे गाव. निळगडच्या सेनापतीला वाटत होते की तांबगड गाव राखण्यासाठी उभा आहे. प्रत्यक्षात गावामागे धान्याच्या आठ गाड्या होत्या. त्या टेबलावर नव्हत्या, माझ्या वहीत होत्या. एका चालीत दोनच गाड्या पूल ओलांडू शकत; म्हणजे तांबगडला चार चाली हव्या होत्या.

पहिल्या दोन चाली रीतसर गेल्या. दुसऱ्या चालीच्या शेवटी निळगडच्या सेनापतीने पाहिले की आघाडीवर माणूस कमी पडतो आहे, आणि डाव्या बगलेला पाठवलेले घोडदळ परत बोलावण्याची चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. घोडदळ चार फूट दूर होते. निरोप्या घोड्यावरून जातो, एका चालीत दोन फूट. म्हणजे चिठ्ठी चौथ्या चालीच्या अखेरीस पोहोचणार. ती मी खिशात घातली. निळगडच्या घोडदळाचा कागदी सरदार पत्त्यांच्या कौलानुसार उतावळा होता: शत्रू टप्प्यात आला की पंचाने फासा टाकायचा, चार किंवा अधिक पडले तर हुकमाविना धावून जायचे. तिसऱ्या चालीत कुंपणाआड आठ तांबडे शिपाई दिसले. मी फासा टाकला. पाच.

बारांपैकी सात स्वार कुंपणापाशी पडले. चिठ्ठी तेव्हा माझ्या खिशातच होती, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होते. “अर्धी चाल इकडेतिकडे केली असती तर काय बिघडले असते?” असे मला नंतर विचारण्यात आले. बिघडले असते. सेनापतीला सगळे दिसते आणि त्याचा शब्द क्षणात पोहोचतो असे मानले, तर या खेळात आणि सोंगट्यांत फरक उरत नाही. शिवाय पंचाने हात ढिला सोडला की काय होते याचा एक भयंकर दाखला आहे. मिडवेच्या लढाईपूर्वी, १९४२च्या मे महिन्यात, जपानी आरमाराने ‘यामातो’ युद्धनौकेवर त्या बेताचा खेळ खेळून पाहिला. फुचिदा या वैमानिक अधिकाऱ्याने युद्धानंतर लिहिलेल्या हकिकतीनुसार, फाशांनी जपानी विमानवाहू नौकांवर नऊ बाँब पाडले; अध्यक्षस्थानी बसलेल्या उगाकी यांनी ते तीन केले, आणि नंतर बुडालेली ‘कागा’ नौकाही खेळात पुन्हा तरंगू लागली. जूनमध्ये खऱ्या समुद्रात ‘कागा’सह चार विमानवाहू नौका बुडाल्या. केवळ त्या फाशांमुळे बुडाल्या असे कोणी म्हणणार नाही. पण खेळाने सांगितलेली गोष्ट ऐकली गेली नाही, एवढे खरे.

चौथी चाल संपली तेव्हा शेवटच्या दोन गाड्या पूल ओलांडून गेल्या होत्या. तांबगडचे चौतिसांपैकी पंचवीस उभे होते, गाव त्यांच्याच ताब्यात होते, आणि निळगडचे सतरा पडले होते. बघणारी मंडळी तांबगडच्या सेनापतीला टेबलाभोवती उभी राहून चेव आणत होती. त्याने पाचव्या चालीची चिठ्ठी दिली: तोफ सोडून द्या, मागे सहा जण ठेवा, बाकी सर्वांनी पुलापार जावे. त्या सहांतले चार गेले. गावात निळे निशाण लागले आणि बघ्यांनी तांबगड हरल्याचे जाहीर केले.

याच दोघांनी मोहिमेआधी एक सुटी लढाई खेळली होती. तेव्हा दोघेही इतके हट्टाला पेटले की अखेरीस टेबलावर तीन सैनिक उरले. खेळाडू तेच, नियम तेच; फरक इतकाच की त्या दिवशी उद्या नव्हता. इथे मात्र वहीत उद्या लिहिलेला असतो. मैदान ज्याच्या हाती राहील त्याचे पडलेले निम्मे पायदळ बरे होऊन परत येते, हरणाऱ्याचे कैद होते. घोडा मात्र कोणाचाच परत येत नाही. त्या हिशेबाने निळगडला पाच शिपाई परत मिळाले आणि त्याचे छत्तीस झाले. तांबगडचे एकवीस उरले.

पण एक गाडी धान्य म्हणजे तांबगडच्या किल्ल्याला एका आठवड्याचे अन्न. आठ गाड्या, आठ आठवडे. मोहिमेच्या पंचांगात पावसाळा सहा आठवड्यांवर आहे, आणि पाऊस लागला की नियमाप्रमाणे तोफांचे गाडे कच्च्या रस्त्यावर हलत नाहीत. निळगडला वेढा घालायचा तर सहा आठवड्यांत किल्ला पडला पाहिजे, आणि टेहळणीला उरलेत पाच स्वार.

निळगडच्या सेनापतीला गाड्यांची गोष्ट अजून कळलेली नाही. हा अंक छापून येईपर्यंत त्याची पुढची चाल झालेली असेल, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. त्याने काल मला दोन चिठ्ठ्या दिल्या आहेत: एक किल्ल्याकडे कूच करण्याची, आणि दुसरी त्या उतावळ्या सरदाराच्या जागी नवा माणूस नेमण्याची. नव्या सरदारासाठी पत्ता अजून ओढायचा आहे.