आगाऊ पैशांच्या मीटरावर घरच्या विजेचा आठवड्याचा हिशेब

शेतकऱ्याच्या घरांत पैसा येतो तो हंगामानें. सोयाबीन, कापूस किंवा तूर बाजारांत गेली म्हणजे एकदम येतो. उसाचा येतो तो हप्त्यांनीं. आणि मधल्या काळांत घर चालतें तें बहुधा दुधाच्या पैशावर. खर्च मात्र रोजचा आहे. विजेचा खर्च या बाबतींत आजवर शेतकऱ्याच्या सोयीचा होता. वीज आधीं वापरावयाची, महिना भरल्यावर बिल यावयाचें, आणि मुदतीच्या आंत, क्वचित् मुदतीनंतरही, तें भरावयाचें. ज्यास लोक प्रीपेड मीटर म्हणतात तो ही रीत उलटी करतो. पैसे आधीं, वीज मागाहून. शिल्लक संपली कीं पुरवठा थांबतो. ही उधारी गेली म्हणजे घरास दर आठवड्यास किती रुपयांची वीज लागते हें आधींच ठाऊक असणें भाग पडतें. तें कसें काढावें, आणि काढतांना चूक नेमकी कोठें होते, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम आजची स्थिति पाहूं. जो ग्राहक आगाऊ पैशांच्या मीटरावर वीज घेण्यास तयार असेल त्याच्याकडून अनामत रक्कम मागतां येत नाहीं, अशी तरतूद २००३ च्या वीज कायद्यांत आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें वीजवितरणाच्या सुधारणेची जी योजना मंजूर केली, तींत शेतीपंप वगळून इतर ग्राहकांस असे मीटर बसविण्याचें धोरण ठरलें. बिहारांत ते २०१९ पासून बसूं लागले व पुढें खेड्यापाड्यांतही पोहोंचले. महाराष्ट्रांत लोकांचा विरोध झाल्यावर, सामान्य घरगुती ग्राहकांस आगाऊ पैशांचे मीटर बसविले जाणार नाहींत, असें सरकारनें जून २०२४ मध्यें जाहीर केलें. त्यानंतर जे नवे मीटर घरोघर बसूं लागले त्यांवर बिल पूर्वीप्रमाणेंच महिन्याअखेर आकारलें जाऊं लागलें. तेव्हां हा विषय आपला नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु ज्याचा मुलगा नोकरीसाठीं परप्रांतीं राहतो त्यास तो आजच लागू आहे. आणि ज्याचें बिल महिन्यानें येतें त्यासही हाच हिशेब बिल हातीं पडण्यापूर्वीं बिलाचा आंकडा सांगतो.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस मोफत वीज देण्याची जी योजना राज्य सरकारनें २०२४ मध्यें सुरू केली, ती केवळ शेतीपंपांची आहे. घरच्या मीटराशीं तिचा संबंध नाहीं.

युनिट कसें मोजावें

एक हजार वॅटची वस्तु एक तास चालली म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. वस्तूवर छापलेले वॅट, गुणिले दिवसाचे तास, गुणिले सात दिवस, भागिले हजार. एवढ्यानें आठवड्याचीं युनिटें निघतात. जेथें अश्वशक्ति लिहिलेली असेल तेथें एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. मात्र ही शक्ति मोटर बाहेर देते ती होय. आंत घेते ती याहून अधिक असते. म्हणून लहान मोटरीस एका अश्वशक्तीमागें सुमारें एक हजार वॅट धरणें बरें.

फ्रीजला हा नियम चालत नाहीं, कारण तो दिवसभर लावलेला असला तरी त्याचें यंत्र मधून मधून बंद पडतें. त्याच्या दारावर ताऱ्यांची जी चिठ्ठी असते तींत वर्षाचीं युनिटें छापलेलीं असतात. त्यांस ५२ नीं भागावें. चिठ्ठींत २६० असल्यास आठवड्यास ५ युनिटें. फ्रीज जुना असेल किंवा दार वरचेवर उघडलें जात असेल, तर याहून कांहीं अधिक धरावीं.

आतां एका साधारण शेतकरी घराची तेरीज मांडूं. घरांत सहा माणसें, गोठ्यांत तीन-चार जनावरें, आणि कडबाकुट्टीचें यंत्र घरच्याच मीटरावर, असें समजूं.

एलईडी दिवे ६, प्रत्येकीं ९ वॅट, रोज ५ तास : १.८९
पंखे ३, प्रत्येकीं ७५ वॅट, रोज १० तास : १५.७५
टीव्ही ८० वॅट, रोज ४ तास : २.२४
फ्रीज, चिठ्ठीप्रमाणें : ५.००
मिक्सर ५०० वॅट, रोज पाव तास : ०.८८
पिण्याच्या पाण्याची मोटर १ अश्वशक्ति, रोज अर्धा तास : ३.५०
इस्त्री १००० वॅट, आठवड्यास १ तास : १.००
कडबाकुट्टी २ अश्वशक्ति, रोज अर्धा तास : ७.००
एकूण आठवड्याचीं युनिटें : ३७.२६

तीस दिवसांच्या महिन्यास हीं सुमारें १६० युनिटें झालीं. या तेरजेंत वाचकांनीं एक गोष्ट पाहावी. ज्या दिव्यांसाठीं घरांत मुलांवर ओरडा होतो ते सहाही मिळून दोन युनिटेंसुद्धां खात नाहींत; तीन पंखे मात्र एकूण खर्चाचा दोन पंचमांशाहून अधिक भाग घेतात, आणि त्यांच्या खालोखाल कुट्टीचें यंत्र. पाणी तापविण्याचा दोन हजार वॅटचा गीझर असेल, तर तो रोज अर्धा तास तापला तरी आणखी ७ युनिटें वाढतात.

मीटराकडून पडताळा

कागदावरची तेरीज हा अंदाज होय. खरा आंकडा मीटराचा. आठवड्यांतील एक ठराविक वार व ठराविक वेळ धरून, उदाहरणार्थ बाजाराच्या दिवशीं सकाळीं सातास, मीटरावरील युनिटांचा आंकडा वहींत लिहावा. मागील आंकडा वजा केला कीं आठवड्याचा वापर निघाला. चार आठवडे असें केल्यास तेरीज कोठें फसली तें दिसतें.

एखाद्या वस्तूचा संशय असेल तर तिची परीक्षाही घरच्या घरीं होते. नव्या मीटरावर एक बारीक दिवा लुकलुकत असतो, आणि एका युनिटास तो किती वेळां लुकलुकतो तो आंकडा मीटरावरच छापलेला असतो. पुष्कळ मीटरांवर तो ३२०० असतो. अशा मीटरावर, घरांतील इतर सर्व बटणें बंद करून केवळ एक वस्तु चालू ठेवावी व पांच मिनिटें मोजावें. पांच मिनिटांत २० वेळां लुकलुकला तर ती वस्तु ७५ वॅटची. सर्व कांहीं बंद असतांनाही दिवा लुकलुकत राहिला, तर कोठें तरी वीज झिरपत आहे किंवा एखादी वस्तु नकळत चालू राहिली आहे असें समजून वायरमनकडून तपासणी करवावी. यांत पैशाचा प्रश्न आहेच, पण जिवाचा त्याहून अधिक आहे.

युनिटांचे रुपये

येथपर्यंत गणित सोपें आहे. अवघड भाग पुढें आहे, कारण युनिटाचा दर एकच नसतो. महावितरणच्या घरगुती दरांत १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत, व वरच्या टप्प्याचा दर खालच्याहून पुष्कळ अधिक असतो. त्यांत प्रत्येक युनिटावर वहन आकार मिळतो. एकही युनिट न जाळतां लागणारा स्थिर आकार असतो. आणि या सर्वांवर महाराष्ट्रांत घरगुती वापरास शेंकडा १६ वीज शुल्क पडतें. इंधन समायोजनाचा आकार कधीं लागतो, कधीं नाहीं.

दर वेळोवेळीं बदलतात, म्हणून आम्ही येथें हिशेबापुरते सोपे आंकडे धरतों. वाचकांनीं आपल्या बिलावरचे घालावे. पहिल्या टप्प्यास वहन आकारासह युनिटास ६ रुपये, दुसऱ्यास १२ रुपये, व स्थिर आकार महिन्यास १३० रुपये असें समजूं. १६० युनिटांपैकीं पहिल्या १०० चे ६०० रुपये, उरलेल्या ६० चे ७२० रुपये, स्थिर आकार १३०, एकूण १४५०. त्यावर शुल्क २३२. सर्व मिळून महिन्याचे १६८२ रुपये. आठवड्यास सरासरी ३९२ रुपये पडले.

येथें दोन चुका होतात. पहिली, युनिटें ३७ व दर ६, म्हणून आठवड्याचे २२२ रुपये, असें धरण्याची. ती उघड आहे. दुसरी चूक सरासरीवर निजण्याची आहे व ती घरास अंधारांत नेते.

तिसरा आणि चौथा आठवडा

जेथें टप्पे महिन्याच्या एकूण युनिटांवर मोजून शिलकेंतून रोज रक्कम वजा केली जाते, तेथें हें घर एकोणिसाव्या दिवशीं शंभर युनिटें ओलांडतें. तोंवर प्रत्येक युनिट ६ रुपयांचें, नंतर प्रत्येक १२ रुपयांचें. स्थिर आकार व शुल्क धरून पहिल्या आठवड्यास सुमारें २९५ रुपये लागतात, दुसऱ्यास तितकेच, तिसऱ्यास ३७६, आणि चौथ्यास ५५४. घरांतील वापर तसूभरही वाढलेला नाहीं. तरी चौथा आठवडा पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट जातो.

ज्या माणसानें पहिले दोन आठवडे पाहून, आपल्यास आठवड्यास ३०० रुपये पुरतात असें ठरविलें, त्याची शिल्लक तिसरा आठवडा पुरा होण्यापूर्वींच संपते. मग मीटर पळतो, वीज कंपनी लुबाडते, अशी ओरड होते. मीटर कधीं सदोष असेलही. परंतु आधीं युनिटांची वही पाहावी. युनिटें दर आठवड्यास सारखीं आणि रुपये वाढते, तर दोष टप्प्याचा. युनिटेंच वाढलीं व कारण सांपडत नाहीं, तर तक्रार करावी. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्राच्या ग्राहकहक्क नियमांत जी दुरुस्ती झाली तीप्रमाणें, मीटराचा आंकडा प्रत्यक्ष वापराशीं जुळत नाहीं अशी तक्रार आल्यास पांच दिवसांच्या आंत दुसरा पडताळ्याचा मीटर बसवून निदान तीन महिने वापर तपासावयाचा असतो. ज्याच्यापाशीं तारीखवार लिहिलेली वही आहे त्याची तक्रार तोंडी ओरडीहून जड पडते.

कांहीं ठिकाणीं टप्पे दिवसाच्या हिशेबानें वांटून घेतात. तेथें चारही आठवडे सारखे, म्हणजे ३९२ रुपयांचे, जातात. आपल्याकडे कोणती रीत आहे हें मीटर बसतांनाच विचारून घ्यावें. त्याच वेळीं आणखी तीन गोष्टी विचाराव्या : मागील थकबाकीचा हप्ता शिलकेंतून कापला जातो काय, शिल्लक संपल्यावर रात्रीं व सुटीच्या दिवशीं पुरवठा चालू राहतो काय, आणि घर बंद असतां स्थिर आकार वजा होत राहतो काय. इंग्लंडांत अशा मीटरांची रीत जुनी आहे. तेथें घर महिनाभर बंद ठेवून परतलेल्यास पहिले पैसे भरतांच त्यांतून साठलेला स्थिर आकार जातो. हें ठाऊक नसलें म्हणजे भरलेले पैसे कोठें गेले याचें कोडें पडतें.

किती भरावें, किती वांचवावें

पुष्कळ गांवीं दुधाचा हप्ता दहा दिवसांनीं मिळतो. त्याच दिवशीं विजेचे पैसे भरण्याचा नेम ठेवावा. वरील घरानें दर दहा दिवसांनीं ५६५ रुपये भरले तर पहिल्या दहा दिवसांत सुमारें ४२१ जातात, दुसऱ्यांत ४६५, आणि तिसऱ्यांत ७९१. पहिल्या दोन हप्त्यांची जी शिल्लक उरते ती तिसऱ्यास पुरते. ती शिल्लक पाहून दुसरा हप्ता कमी भरण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. याशिवाय सर्वांत महाग आठवड्याएवढी रक्कम, येथें ५५४ रुपये, सुगीच्या पैशांतून एकदांच भरून ठेवावी व तिला हात लावूं नये. लग्नकार्य, पाहुणे, उन्हाळ्यांतील जादा पंखा, यांचा भार ती सोसते. एक पंखा रोज आठ तास अधिक चालला तरी आठवड्यास ४.२ युनिटें वाढतात.

काटकसरीचा विचार करतांनाही सरासरी दर धरूं नये. जें युनिट वांचतें तें नेहमीं वरच्या टप्प्यांतलें असतें. वरील घरास वांचलेलें प्रत्येक युनिट शुल्कासह १३ रुपये ९२ पैशांचें आहे. म्हणून ७५ वॅटचे तीन पंखे काढून ३० वॅटचे नव्या धर्तीचे बसविल्यास आठवड्यास ९.४५ युनिटें, म्हणजे सुमारें १३१ रुपये वांचतात. पंख्याची किंमत किती आठवड्यांत फिटते तें ज्यानें त्यानें याच आंकड्यानें भागून पाहावें. कुट्टीच्या यंत्राचें पातें बोथट असेल तर अर्ध्या तासाचें काम पाऊण तास घेतें, आणि आठवड्यास साडेतीन युनिटें, म्हणजे सुमारें ४९ रुपये, त्या बोथट पात्यावर जातात. दिवसाच्या वापरास वेगळा स्वस्त दर असेल तेथें पाण्याची मोटर व कुट्टी दिवसाच चालवावी.

वहीस पांच रकाने पुरेत : तारीख, मीटराचा आंकडा, आठवड्याचीं युनिटें, महिन्याच्या आरंभापासूनचीं युनिटें, आणि शिल्लक रुपये. चौथा रकाना विसरूं नये. शंभराचा टप्पा केव्हां ओलांडला हें तोच सांगतो. हें काम घरांतील शाळेंत जाणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावें. आठवड्यास पांच मिनिटांचें काम आहे, आणि गुणाकार-वजाबाकीचा असा उपयोग पुस्तकांतील उदाहरणांहून तिच्या अधिक लक्षांत राहील.