वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी कशी चढवायची?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, वारा समोरून असताना शिडाची होडी पुढे जातेच कशी? कोल्हापुरात समुद्र नाही, पण गगनबावड्याचा घाट आपण सगळ्यांनी पाहिलाय. गाडी कड्यावर सरळ चढत नाही, वळणं घेत चढते. होडीही तशीच, वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन धरून जाते, मग तोंड फिरवून दुसऱ्या अंगाने. शीड तिला पुढेही ओढतं आणि बाजूलाही. बाजूची ओढ पाण्याखालची कील अडवते. कलिंगडाची ओली बी दोन बोटांत दाबली की पुढे सटकते ना, तसंच.

आता हिशोब बघू. वाऱ्याच्या दिशेला 10 सागरी मैल जायचं तर 45 अंशांवर 14 मैल पडतात, 60 अंशांवर 20. म्हणून नवशिका तोंड वाऱ्याकडे ओढतच राहतो, आणि इथेच गफलत होते. 45 अंशांवर वेग 5 नॉट असेल तर वाऱ्याकडे आपण 3.5 नॉटनेच सरकतो. 50 अंशांवर तोच वेग 6 झाला तर 3.9 नॉटने. शिवाय वेग घटला की कीलची पकड सुटते आणि होडी बाजूला वाहवत जाते. सामानाने लादलेल्या प्रवासी होडीला थोडं सैल सोडलेलंच मानवतं.

नवी शिडं घेण्याआधी तळ खरवडा. आपल्या उबदार पाण्यात शेवाळ आणि शिंपले भराभर चढतात. इंजिनाचा स्थिर पंखाही पाण्यात अडतो, मिटणारा बसवला तर फरक कळतो. जुन्या शिडाचं पोट सुटतं. पुढची ओढ कमी, कलंडणं जास्त. डोलकाठीचा पुढचा तारदोर ढिला असेल तरी हेच होतं, म्हणून मागचा दोर ताणायचा. वारा वाढला की शीड लवकर आखडा.

ही नुसती हौस नाही बरं का. पावसाळ्यात कोकणात वारा पश्चिमेकडून, किनाऱ्याकडे ढकलणारा. इंजिन बंद पडलं तर वाऱ्यावर चढता येणं हीच खडकांपासून सुटका.

मुंबईत सागवानात बांधलेली ‘सुहाइली’ 32 फुटी, जड, लांब कीलची होती. 1968-69 मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिच्यातून एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, पण दक्षिण महासागरातले पश्चिमी वारे बहुतांशी पाठीवर घेऊन. वाऱ्यावर चढणं टाळता येत असेल तर टाळावं, हेही शहाणपणच.

ज्यांची होडी आहे त्यांनी 45, 50 आणि 55 अंशांवर दहा-दहा मिनिटं चालवून जीपीएसवर वाऱ्याकडची सरक मोजावी. प्रत्येक होडीचा आकडा वेगळा निघतो.