खिशातली वही

सर्बियातल्या बोर गावी तांब्याच्या खाणी आहेत. हंगेरीने 1943-44मध्ये सुमारे 6,000 ज्यू वेठबिगार जर्मनांसाठी तिथे धाडले. दुसरं महायुद्ध जर्मनांवर उलटू लागलं तसं 17 सप्टेंबर 1944ला तीन हजारांहून अधिक जणांची पहिली तुकडी पायी हंगेरीकडे निघाली. आपल्या बोरीवलीहून सुटणाऱ्या एका खच्चून भरलेल्या लोकलमध्ये मावतील इतकी ही माणसं. ऑक्टोबरमध्ये वाटेतल्या त्सर्वेन्काच्या वीटभट्टीवर नाझींच्या एसएस दलाने त्यातल्या शेकडो जणांना रात्रीतून गोळ्या घातल्या. मागाहून निघालेल्या दुसऱ्या तुकडीला मात्र युगोस्लाव्ह पार्टिझानांनी सोडवलं. कोण कुठल्या तुकडीत, एवढ्यावर जीव.

पहिल्या तुकडीत होता 35 वर्षांचा कवी मिक्लोश राद्नोती. तो त्सर्वेन्कातून वाचला, पण नोव्हेंबरात हंगेरीच्या अब्दा गावाजवळ, चालवत नसलेल्या 21 सोबत्यांसह त्याला गोळी घातली गेली. जून 1946मध्ये त्यांना पुरलेला खड्डा उकरला तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात छोटी वही सापडली. त्यात कविता होत्या आणि सापडेल त्याने ती पोहोचती करावी, अशी विनंतीही. ही विनंती त्याने पाच भाषांत लिहून ठेवली होती.