रिओहून ॲमेझॉनला रात्रीची गाडी नाही

आम्ही दोघं ब्राझीलला जाऊन आलो हे डोंबिवलीत पसरलं, तेव्हापासून आमच्याकडे वही घेऊन येणारी जोडपी वाढली आहेत. कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असतात, कुणाचं नुकतंच ठरलेलं असतं. एवढ्या लांब, ग्रुप टूरशिवाय, दोघांनीच जायची हिंमत करणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण जवळजवळ प्रत्येक वहीत एक ओळ असते आणि ती वाचली की माझा धीर सुटतो: रिओ दोन दिवस, मग रात्रीची गाडी पकडून ॲमेझॉन, तिथून इग्वासूचा धबधबा, परतताना साल्वादोर. एकूण नऊ दिवस.

ही गाडी नाही. कधीच नव्हती.

चूक कुठून येते ते मला कळतं. आपण रेल्वेची माणसं. कल्याणच्या फलाटावर उभं राहिलं की उत्तरेला, दक्षिणेला, पूर्वेला कुठेही जायला गाडी मिळते. रात्री जेवून बसायचं, सकाळी दुसऱ्या राज्यात उतरायचं. देश मोठा असेल तर गाड्याही लांब पल्ल्याच्या असणारच, हे आपण न विचारता धरून चालतो.

गंमत अशी की रेल्वेची सुरुवात दोन्ही देशांत जवळपास एकदमच झाली. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ची, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही पाठ असतं. ती पुढे कल्याणपर्यंत पोहोचली १ मे १८५४ला. त्याच्या आदल्या दिवशी, ३० एप्रिल १८५४ला, रिओजवळ सम्राट दुसरा पेद्रो याच्या हस्ते ब्राझीलची पहिली रेल्वे सुरू झाली, साडेचौदा किलोमीटरची. पुढे मात्र वाटा फुटल्या. तिथले रूळ प्रामुख्याने मळ्यातली कॉफी आणि खाणीतलं खनिज बंदरावर नेण्यासाठी पडले. प्रत्येक पट्ट्याचा रूळ वेगळा, रुंदीही वेगवेगळी, आणि ते एकमेकांना धड जोडलेच गेले नाहीत. १९५०च्या दशकात सरकारने मोटार कारखान्यांवर आणि महामार्गांवर भर दिला, प्रवासी गाड्या हळूहळू बंद पडत गेल्या, आणि १९९०च्या दशकात मालवाहतूकही खासगी कंपन्यांकडे गेली. साओ पावलो आणि रिओमध्ये लोकल आहेत, मेट्रो आहे. पण लांब पल्ल्याच्या नियमित प्रवासी गाड्या अख्ख्या देशात उरल्या आहेत दोन. एक बेलो ओरिझोंची ते व्हितोरिया, ६६४ किलोमीटर. दुसरी साओ लुईस ते पाराउआपेबास, साडेआठशेहून जास्त किलोमीटर. दोन्ही एका खाण कंपनीच्या लोहखनिजाच्या मार्गावरून धावतात आणि दोन्हींचा रिओहून ॲमेझॉनला जाण्याशी काहीही संबंध नाही.

आता अंतर. ब्राझीलचं क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर, भारताचं सुमारे ३३ लाख. म्हणजे आपल्या अडीचपटीहून जास्त. रिओ ते मानाउस, म्हणजे ॲमेझॉनच्या जंगलातलं मोठं शहर, हे सरळ रेषेतलं अंतर कन्याकुमारी ते श्रीनगरएवढं आहे. विमानानेच चार तास लागतात. रस्त्याने जाऊ म्हणाल, तर मानाउसला देशाच्या उरलेल्या भागाशी जोडणारा बीआर-३१९ हा महामार्ग १९७६मध्ये सुरू झाला आणि १९८०च्या दशकाअखेर त्याची देखभाल सुटली. मधला मोठा तुकडा अजून मातीचा आहे आणि पावसाळ्यात चिखलात जातो. तिथला खरा हमरस्ता नदी आहे. मानाउसहून समुद्राजवळच्या बेलेंला बोट जाते, प्रवाहाच्या दिशेने साधारण चार-पाच दिवसांत. डेकवर प्रत्येक जण आपापली झोळी बांधतो, जोडप्यांच्या झोळ्या शेजारी शेजारी. चार दिवस मोकळे असतील तर दोघांनी करण्यासारखा याहून चांगला प्रवास मला माहीत नाही. पण नऊ दिवसांच्या सहलीत चार दिवस बोटीला देता येत नाहीत, हे साधं गणित आहे.

त्यातून महिना चुकला तर वेगळंच जंगल दिसतं. मानाउसला निग्रो नदीची पातळी दरवर्षी दहा मीटर किंवा त्याहून जास्त वरखाली होते. जून २०२१मध्ये ती ३०.०२ मीटरवर चढली, ऑक्टोबर २०२४मध्ये १३ मीटरच्याही खाली गेली. मे-जूनमध्ये होडी झाडांच्या शेंड्यांमधून जाते, ऑक्टोबरमध्ये त्याच जागी आपण वाळूवर चालत असतो. आपल्याकडचे लोक मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीत निघतात, म्हणून हे आधी बघायचं. आणि हवा सगळीकडे सारखी नाही. ज्या जुलैमध्ये मानाउसला घामाने अंग भिजतं, त्याच महिन्यात दक्षिणेच्या सांता कातारीना राज्यातल्या डोंगरात गवतावर दंव गोठतं, क्वचित बर्फही पडतो. स्वेटर लागतोच.

म्हणून मी वहीवर रेघ मारते आणि सांगते: पंधरा दिवस असतील तर दोन प्रदेश घ्या, तीन नको. रिओ आणि मिनास जेराइसची जुनी सोन्याच्या खाणींची गावं एकत्र बघता येतात. साल्वादोरचं बाहिया राज्य एकटंच पुरतं. ॲमेझॉनला जायचं तर तिथेच सहा-सात दिवस द्या. मधली उडी विमानाची, ते तिकीट लवकर काढा. जवळच्या अंतरासाठी बस उत्तम आहे; रिओ–साओ पावलो सहा तास, आणि 'लेइतो' वर्गाची खुर्ची जवळजवळ बिछान्यासारखी उघडते.

वहीनंतर येतात ते गैरसमज. 'तिथे स्पॅनिश चालतं ना?' नाही, पोर्तुगीज. आणि ठाणेकरांना ती परकी वाटायचं कारण नाही, कारण १७३७पर्यंत ठाणं पोर्तुगीजांकडेच होतं. बटाट्याला तिथे 'बताता' म्हणतात, चावीला 'शावी', पावाला 'पाऊं'. काजूचं झाड तर मूळ तिथलंच. नाताल शहराजवळ पिरांजीला एकच काजूचं झाड सुमारे साडेआठ हजार चौरस मीटरवर पसरलं आहे.

'शाकाहारी माणसाचे हाल होतील.' रोजचं ब्राझिली जेवण भात आणि उसळीसारखा घेवडा हे आहे. ताट वजन करून पैसे घेणारी 'आ किलो' खानावळ गावोगाव असते, हवं ते बघून वाढून घ्यायचं. मात्र घेवड्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, म्हणून विचारावं. 'सें कार्नी', म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागत नाही. 'कार्नी' म्हणजे तिथे बहुतेकदा गाईचं मांस, कोंबडी आणि मासळीही नको हे वेगळं सांगावं लागतं. आपला उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा, आणि त्याचे पदार्थ तिथे सकाळ-संध्याकाळ मिळतात. चीज घातलेले कसाव्याच्या पिठाचे गरम गोळे, 'पाऊं जी केइजू', आम्ही रोज खाल्ले.

'दोघंच गेलात तर लुटतील.' ही भीती मी झटकून टाकत नाही, कारण ती पूर्ण खोटी नाही. ब्राझीलच्या सार्वजनिक सुरक्षा मंचाच्या वार्षिक अहवालानुसार २०२३मध्ये हिंसक मृत्यूंचं प्रमाण लाखामागे २२.८ होतं, २०१७मध्ये ते तीसच्या वर होतं. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२मध्ये खुनांचं प्रमाण लाखामागे २.१. फरक मोठाच आहे. पण तोही सगळीकडे सारखा नाही: साओ पावलो राज्यात आठच्या आसपास, उत्तरेच्या अमापात सत्तरच्या आसपास. पर्यटकाला खरा धोका असतो तो हातातल्या फोनचा. रस्त्याच्या कडेला फोन काढून नकाशा बघत उभं राहायचं नाही, अंधार पडल्यावर ॲपवरून टॅक्सी, आणि मंगळसूत्र घरी. ग्रुपमध्ये असलं की हे धोके टळतात असं नाही. चाळीस जणांचा घोळका उलट लांबून ओळखू येतो.

'बायकोच्या पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव हवंच.' नको. डिसेंबर २०१६पासून आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टसाठी लग्नाचा दाखलाही मागणं बंद केलं आहे. तिकीट, व्हिसा आणि पासपोर्ट यांवर नाव एकच असलं की झालं. हॉटेलातही लग्न झालंय का विचारत नाहीत, पासपोर्ट बघतात.

आणखी दोन छोटे गैरसमज: राजधानी रिओ नाही, २१ एप्रिल १९६०पासून ब्राझिलिया आहे. कार्निवल फक्त रिओचा नाही. साल्वादोरचा आणि ओलिंदाचा रस्त्यावरचा असतो, तिकिटाशिवाय.

शेवटचा गैरसमज सगळ्यात महाग पडू शकतो. 'पिवळ्या तापाची लस तिकडे कुणी विचारत नाही, मग कशाला?' तिकडे विचारो न विचारो, परत येताना मुंबई विमानतळावर विचारतात. भारताच्या आरोग्य खात्याच्या यादीत ब्राझील पिवळ्या तापाचा देश आहे, आणि वैध प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. आपल्याकडे हा ताप नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे, म्हणून नियम कडक. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते, आणि तिथे तारीख घ्यावी लागते. प्रमाणपत्र वैध होतं लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी, आणि जुलै २०१६पासून ते आयुष्यभर चालतं. वय साठच्या पुढे असेल, गरोदरपण असेल किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. विमानाचं तिकीट त्यानंतर काढा.